विश्लेषण : माता हारी हेर होती की बळीचा बकरा? चौकशी अधिकाऱ्यांनी तिच्या कहाणीवर विश्वास का ठेवला नाही?

संरक्षण खात्यातील एखादा अधिकारी समाजमाध्यमावरील अनोळखी स्त्रीच्या जाळ्यात अडकल्याची बातमी आली की मथळ्यात हमखास एक नाव येते : माता हारी. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गोळ्या घालून ठार केलेल्या एका डच नर्तकीचे हे नाव आता मोहिनी घालून गुपिते काढणाऱ्या स्त्रीसाठी सर्रास वापरले जाते. प्रत्यक्षात तिने नेमकी कोणती गुपिते काढली, हे तिच्यावर खटला चालवणाऱ्यांनाही सांगता आले नव्हते. ब्रिटिश आणि फ्रेंच अशा दोन देशांच्या तपास यंत्रणांनी तिची चौकशी केली आणि दोघांनीही तिच्या सांगण्यावर संशय घेतला. त्यातले एक मोकळे सोडून देण्यापर्यंत आले, दुसरे बंदुकीपर्यंत गेले. असे का झाले?

माता हारी कोण होती?

तिचे खरे नाव मार्गारेथा गीर्ट्रुइडा झेले. जन्म ७ ऑगस्ट १८७६ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील लेवार्डन या गावी. वडिलांचे टोप्यांचे दुकान होते आणि काही काळ घरात बऱ्यापैकी पैसा होता. मुलीला लाडाने वाढवले गेले. मात्र १८८९ मध्ये वडिलांचे दिवाळे निघाले, आईवडील वेगळे झाले आणि १८९१ मध्ये आई वारली. नातेवाईकांकडे राहून बालवाडी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेण्याचा प्रयत्नही अर्धवट राहिला.

अठराव्या वर्षी तिने वर्तमानपत्रातील एका विवाहविषयक जाहिरातीला उत्तर दिले. जाहिरात डच वसाहतींच्या सैन्यातील कॅप्टन रुडॉल्फ मॅकलाउड यांच्यासाठी होती. ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. जुलै १८९५ मध्ये लग्न झाले आणि १८९७ मध्ये हे कुटुंब डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेले. नवऱ्याचे दारूचे व्यसन, मारहाण, बाहेरख्यालीपणा यांनी संसार पोखरलेलाच होता. त्यात जून १८९९ मध्ये अडीच वर्षांचा मुलगा दगावला. त्याला विष दिले गेले असे त्या वेळी बोलले गेले. आईवडिलांकडून आलेल्या गुप्तरोगावरचे औषध जास्त झाले असावे, असाही तर्क नंतर मांडला गेला. १९०२ मध्ये दोघे नेदरलँड्सला परतले आणि विभक्त झाले. मुलीचा ताबा कागदावर आईकडे आला, पण पोटगी मिळाली नाही आणि मुलगी अखेर बापाकडेच राहिली.

हाती पैसा नाही, कला शिकलेली नाही, पदरात मोडलेला संसार. अशा स्थितीत ती पॅरिसला आली.

मंदिरातील नर्तकीची कहाणी कुठून आली?

इथून पुढे जे घडले ते तिच्या चौकशीच्या वेळी महागात पडले, म्हणून थोडे सविस्तर पाहायला हवे. १३ मार्च १९०५ रोजी पॅरिसमधील गिमे संग्रहालयात तिचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. उद्योगपती एमिल गिमे यांनी आशियाई कलावस्तूंसाठी हे संग्रहालय उभारले होते. तेथील ग्रंथालयाला देवळाचे रूप देऊन, शिवाच्या मूर्तीपुढे तिने ‘पवित्र’ नृत्य केले. नृत्य करता करता अंगावरची वस्त्रे एकेक करून उतरत गेली. धर्माचे पांघरूण असल्यामुळे पॅरिसच्या उच्चभ्रूंना ते पाहताना संकोच वाटण्याचे कारण उरले नाही.

आपण दक्षिण भारतात जन्मलो, आई देवळातील नर्तकी होती, ती बाळंतपणात गेली आणि पुजाऱ्यांनी आपल्याला वाढवून देवाच्या सेवेला वाहिले, अशी कथा ती सांगू लागली. वेगवेगळ्या मुलाखतींत तपशील बदलत. माता हारी हे नाव भारतीय कानाला माता आणि हरी असे ऐकू येते, पण त्याचा दोन्हींशी संबंध नाही. मलय भाषेत त्याचा अर्थ दिवसाचा डोळा, म्हणजेच सूर्य. ती भारतात कधी राहिली नव्हती. जावा-सुमात्रात जे काही ओझरते पाहिले त्यावर तिची सगळी ‘भारतीय’ कला उभी होती. मात्र युरोपात ते ओळखू शकेल असा प्रेक्षक तरी कुठे होता?

एक धागा मात्र खरोखर आपल्याकडे येतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी पॅरिसमध्ये तिच्या नृत्याला साथ केली ती बडोद्याच्या मातीतल्या संगीतकारांनी. गायकवाडांच्या बडोद्यात जन्मलेले आणि वाढलेले इनायत खान आपल्या भावंडांसह युरोपात गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. याच इनायत खान यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची गुप्त बिनतारी संदेशवाहक म्हणून पॅरिसमध्ये उतरली, गेस्टापोच्या चौकशीला सामोरी गेली आणि १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. एकाच घराचा दोन महायुद्धांतील दोन अगदी वेगळ्या स्त्रियांशी संबंध यावा, हा योगायोग विलक्षण आहे.

काही वर्षे माता हारीने माद्रिद, माँटे कार्लो, व्हिएन्ना, मिलान अशी शहरे गाजवली. पण नृत्याची नवलाई ओसरली, नक्कल करणाऱ्या तरुण मुली आल्या आणि वय चाळिशीकडे झुकले. श्रीमंत मित्रांच्या, त्यातही लष्करी अधिकाऱ्यांच्या, आधाराने जगणे हाच उत्पन्नाचा मुख्य मार्ग उरला. गणवेशातील पुरुष आपल्याला आवडतात, हे तिने कधी लपवले नाही. चौकशीतही नाही.

हेरगिरीशी तिचा संबंध कसा आला?

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ती बर्लिनमध्ये होती. तेथील थिएटरशी झालेला करार बारगळला, पैसे अडकले, सामानसुमान व महागडे फरकोट गमावून ती कशीबशी तटस्थ नेदरलँड्सला पोहोचली. तेथे जर्मनीचे ॲमस्टरडॅममधील वाणिज्य दूत कार्ल क्रोमर तिला भेटले. फ्रान्समध्ये जाऊन माहिती पाठवण्यासाठी त्यांनी तिला २० हजार फ्रँक दिले, अदृश्य शाईच्या बाटल्या दिल्या आणि एक सांकेतिक नाव दिले : एच २१.

तिने पैसे घेतले. तिच्या म्हणण्यानुसार, जर्मनीत गमावलेल्या फरकोटांची ती भरपाई होती आणि शाईच्या बाटल्या तिने कालव्यात फेकून दिल्या. काम करण्याचा तिचा इरादा नव्हता. मात्र ही गोष्ट तिने फ्रेंचांना त्या वेळी सांगितली नाही. सारे प्रकरण ज्या एका चुकीभोवती फिरते ती चूक हीच.

१९१६ च्या उन्हाळ्यात ती पॅरिसमध्ये होती आणि वादिम मास्लोव या तिच्यापेक्षा बऱ्याच लहान रशियन कॅप्टनच्या प्रेमात पडली होती. आघाडीवर जखमी झालेला आणि एका डोळ्याची दृष्टी गमावत चाललेला हा तरुण तिच्या आयुष्यातील एकमेव खरे प्रेम असावे, असे तिचे बहुतेक चरित्रकार मानतात. त्याच्या जवळ जाण्यासाठी तिला व्हित्तेल या लष्करी क्षेत्रातील गावाचा परवाना हवा होता. त्यासाठी ती ज्या कार्यालयात गेली तेथून तिला फ्रेंच प्रतिहेरगिरी विभागाचे प्रमुख कॅप्टन जॉर्ज लादू यांच्याकडे पाठवण्यात आले.

लादू यांचे हेर त्याआधीपासून तिच्या मागावर होते. ती कुठे जेवते, कुणाला भेटते, कोणत्या दुकानात जाते याच्या नोंदी रोज होत होत्या. त्यांत प्रियकर आणि खरेदी याशिवाय काही सापडले नव्हते. तरीही लादू यांनी तिला परवाना मिळवून दिला आणि फ्रान्ससाठी हेरगिरी करशील का, असे विचारले. तिने दहा लाख फ्रँक मागितले. मास्लोवशी लग्न करून स्वस्थ राहता येईल एवढी ती रक्कम होती. जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये जाऊन बड्या अधिकाऱ्यांशी ओळखी काढायच्या, असे ठरले. लादू यांनी ना आगाऊ पैसे दिले, ना संकेतलिपी, ना संपर्काची व्यवस्था. एखाद्या हेराला असे रिकाम्या हाताने कोणी पाठवत नाही. तिला खरोखर कामाला लावायचे होते की तिला सापळ्यात अडकवायचे होते, याचा उलगडा इथेच बराचसा होतो.

ब्रिटिशांनी तिला का पकडले?

नेदरलँड्सला जाण्यासाठी ती स्पेनमार्गे ‘हॉलंडिया’ जहाजाने निघाली. नोव्हेंबर १९१६ मध्ये जहाज इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात थांबले तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिला उतरवले. कारण गमतीशीर वाटेल, पण त्या काळात जिवावर बेतणारे होते. क्लारा बेनेडिक्स नावाच्या एका जर्मन हेर नर्तकीच्या शोधात ते होते आणि तिच्या छायाचित्राशी हिचा चेहरा जुळतो, असे त्यांना वाटले.

लंडनमध्ये स्कॉटलंड यार्डचे बेसिल थॉमसन यांनी तिची चौकशी केली. तू क्लारा बेनेडिक्सच आहेस आणि हे पारपत्र बनावट आहे, या गृहीतकावर पहिले प्रश्न आधारलेले होते. ती ठामपणे नाकारत राहिली आणि ते खरेच होते. डच दूतावासाकडून खातरजमा झाली, चेहऱ्यातील फरकही लक्षात आला आणि ती बेनेडिक्स नाही हे ब्रिटिशांना मान्य करावे लागले. पण मग प्रश्न उरला, ही नेदरलँड्सला कशासाठी निघाली होती? तेव्हा तिने सांगून टाकले की आपण फ्रान्ससाठी काम करतो आणि आपले वरिष्ठ कॅप्टन लादू आहेत.

थॉमसन यांनी पॅरिसला तार केली. लादू यांनी उत्तरात आपल्याला यातले काही कळत नाही असे दाखवले आणि तिला स्पेनला परत पाठवण्यास सुचवले. ज्याच्या शब्दावर ती जिवाची बाजी लावायला निघाली होती, त्यानेच हात झटकले. ब्रिटिशांकडे तिला अडकवण्याइतका पुरावा नव्हता. हेरगिरीच्या फंदात पडू नये असा सल्ला देऊन तिला सोडले, असे थॉमसन यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले. तिची ब्रिटिश कागदपत्रे १९९९ मध्ये खुली झाली, त्यांतही ठोस असे काही निघाले नाही.

माद्रिदमध्ये काय घडले?

पैसा संपत आला होता, बेल्जियमचा रस्ता बंद झाला होता आणि लादू उत्तर देत नव्हते. कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. माता हारीने मात्र आपल्या बुद्धीने हेरगिरी करायचे ठरवले. माद्रिदमधील जर्मन दूतावासाच्या यादीतून तिने लष्करी प्रतिनिधी मेजर आर्नोल्ड काले यांचे नाव शोधले आणि थेट त्यांच्या घरी गेली. गप्पांच्या ओघात काले यांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावर पाणबुडीतून अधिकारी उतरवण्याच्या योजनेचा उल्लेख केला. तिने ती बातमी लादू यांना पत्राने कळवली, माद्रिदमधील फ्रेंच दूतावासातील एका कर्नललाही सांगितली. बक्षीस मिळेल अशी तिची अपेक्षा होती.

काले मात्र नवखे नव्हते. ही बाई आपल्याकडून काढून घेऊ पाहते आहे, हे त्यांनी ओळखले असणार. डिसेंबर १९१६ आणि पुढच्या महिन्यात त्यांनी बर्लिनला बिनतारी संदेश पाठवले. त्यांत एच २१ माद्रिदला आल्याचा, तिने फ्रेंचांचा प्रस्ताव वरवर स्वीकारल्याचा, इंग्लंडमधून तिला परत पाठवल्याचा आणि तिला ५ हजार फ्रँक पोहोचवण्याचा उल्लेख होता. तिच्या मोलकरणीचाही संदर्भ होता. आयफेल टॉवरवरील फ्रेंच केंद्राने हे संदेश पकडले आणि ते वाचायला अवघड गेले नाहीत, कारण ही संकेतलिपी फ्रेंचांनी आधीच फोडलेली होती.

लिपी फुटल्याचे जर्मनांना ठाऊक होते का? होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर काले यांनी हे संदेश बर्लिनसाठी नव्हे, पॅरिससाठी पाठवले. पैसे घेऊन काम न करणाऱ्या, वर शत्रूकडे गेलेल्या हेराचा काटा शत्रूच्याच हातून काढण्याचा तो मार्ग होता. याउलट हे संदेश अगदी साधे, नेहमीच्या कामकाजाचे होते असेही मानता येते. कोणती शक्यता खरी हे ठरवता येत नाही, मात्र दोन्ही बाबतींत परिणाम एकच झाला. जानेवारी १९१७ मध्ये ती पॅरिसला परतली तेव्हा लादू तिला भेटायलाही तयार नव्हते. १३ फेब्रुवारीच्या सकाळी शाँझेलिझेवरील हॉटेलातून तिला अटक झाली.

बुशार्दों यांनी तिची चौकशी कशी केली?

तिला सँ-लाझार या स्त्रियांच्या जुन्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि प्रकरण आले लष्करी न्यायालयाचे तपास अधिकारी कॅप्टन पिएर बुशार्दों यांच्याकडे. बुशार्दों हुशार, चिवट आणि संशयी वृत्तीचे होते. पहिल्याच भेटीत आपल्याला ही शत्रूच्या पगारावरची व्यक्ती वाटली, असे त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले. म्हणजे निष्कर्ष आधी निघाला होता, पुरावा मागाहून शोधायचा होता.

सुरुवातीला त्यांच्या हाती फार काही नव्हते. तिच्या खोलीतील वस्तू तपासल्या गेल्या. त्यांत पारायुक्त जंतुनाशकाची एक नळी सापडली. ती आपण वैयक्तिक स्वच्छतेसाठी वापरतो, असे तिने सांगितले. प्रयोगशाळेने त्यातून अदृश्य शाई बनवता येते, असा अहवाल दिला. हे खरेच होते, पण ते औषध तसे दुर्मीळही नव्हते. तिची बँक खाती, पत्रे, मित्रांची यादी तपासली गेली. हाती आले ते अनेक देशांचे अनेक अधिकारी. एवढ्या अधिकाऱ्यांशी संबंध ठेवणारी स्त्री त्यांच्याकडून काही विचारत नसेल, हे बुशार्दों यांना पटण्यासारखे नव्हते. तिने दिलेले उत्तर सरळ होते. ते सुट्टीवर असलेले पुरुष होते, युद्ध विसरण्यासाठी तिच्याकडे येत आणि तिला लढाईत रस नव्हता.

तिचा वकील एदुआर क्लुने. आंतरराष्ट्रीय कायद्यातील नावाजलेले नाव, तिच्यावर जुना जीव, पण लष्करी फौजदारी खटल्याचा अनुभव जवळजवळ नाही. त्या काळच्या लष्करी नियमांनुसार चौकशीच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या बैठकीला वकिलाला हजर राहता येत असे. मधले महिने ती एकटी होती. कोंदट कोठडी, ओळखीच्या माणसांशी संपर्क तोडलेला, कपडे धुण्याचीही सोय नीट नाही. आजारी आहोत, धीर सुटत चालला आहे, सोडून द्या अशा विनवण्यांची पत्रे ती बुशार्दों यांना लिहीत असे. मास्लोवची पत्रे मिळत नाहीत म्हणून जीव कासावीस होत होता.

या चौकशीत तिचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या जुन्या कल्पनाशक्तीने केले, असे म्हणावे लागते. जी बाई बारा वर्षे आपण देवळात जन्मलो असे सांगत आली, वय, जन्मस्थान, आईवडील सगळेच बदलत आली, ती आता खरे सांगते आहे हे कशावरून? तपशिलातील लहानसहान चुका, तारखांचा घोळ, एका बैठकीत सांगितलेले दुसऱ्या बैठकीत बदलणे, हे सगळे बुशार्दों यांनी खोटेपणाचा पुरावा म्हणून मांडले. घाबरलेल्या, एकाकी माणसाची स्मरणशक्ती कशी वागते, याचा विचार त्या खोलीत कोणी केला नाही.

सगळ्यात गंभीर मुद्दा लादू यांचा. आपण फ्रान्सच्या वतीने काम करत होतो, काले यांच्याकडे त्याचसाठी गेलो, मोरोक्कोची बातमी त्याचसाठी कळवली, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. लादू यांनी आपण तिला कधी नेमलेच नव्हते, अशी भूमिका घेतली. तिला क्रमांक दिला नाही, पैसे दिले नाहीत, म्हणजे ती आमची नव्हतीच. तिला ज्या गोष्टी न देऊन उघड्यावर पाठवले होते, त्याच गोष्टी आता तिच्याविरुद्ध पुरावा झाल्या. माद्रिदच्या त्या कर्नलनेही तिला फटकारूनच साक्ष दिली.

आणखी एक गोष्ट. आयफेल टॉवरने पकडलेले काले यांचे संदेश लादू यांच्या विभागाकडे डिसेंबरपासून होते, पण ते बुशार्दों यांच्या हाती पोहोचले एप्रिलमध्ये. इतका महत्त्वाचा पुरावा तपास अधिकाऱ्यापासून दोन महिने दूर का ठेवला गेला, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. या संदेशांच्या मजकुरात लादू यांच्या कार्यालयात फेरफार झाले असावेत, अशी शंका पुढे काही संशोधकांनी मांडली.

तिने कबुली दिली होती का?

२१ मे १९१७ रोजी तारांचा पुरावा समोर आल्यानंतर तिने क्रोमरची गोष्ट सांगितली. होय, २० हजार फ्रँक घेतले, शाई घेतली, एच २१ हे नाव मिळाले. पण काम केले नाही. काले यांच्याकडून मिळालेले पैसेही तिने प्रियकराने दिलेली भेट म्हणून स्वीकारल्याचे सांगितले.

बुशार्दों यांच्यासाठी तपास इथे संपला. तीन महिने नाकारल्यानंतर आलेल्या अर्ध्या कबुलीचा उरलेला अर्धा भाग ते गृहीत धरून चालले. निष्पक्षपणे पाहिले तर त्यांच्या जागी बसलेल्या कुणालाही हे लपवणे संशयास्पद वाटले असते. तिने ऑगस्ट १९१६ मध्येच लादू यांना क्रोमरबद्दल सांगितले असते तर कदाचित पुढचे काहीच घडले नसते. पण शत्रूचे पैसे घेणे आणि शत्रूला गुपिते देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा एकही नमुना, एकही पत्र, एकही निश्चित माहिती या फायलीत नव्हती. तिने कळवल्याचे सांगितले जाते ते वर्तमानपत्री गप्पांच्या तोडीचे होते.

फ्रान्सला त्या वेळी हेराची गरज होती का?

तारखा पाहिल्या की बरेच स्पष्ट होते. एप्रिल १९१७ मध्ये जनरल निव्हेल यांची मोठी चढाई शमँ दे दामच्या टेकड्यांवर फसली आणि हजारो सैनिक मेले. मे-जूनमध्ये फ्रेंच सैन्याच्या अनेक तुकड्यांनी आघाडीवर जायला नकार दिला. सरकारने हे बंड जनतेपासून दडवले. पराभवाचे खापर सेनापतींच्या डोक्यावर फुटण्यापेक्षा घरभेद्यांवर फुटलेले बरे, असे वातावरण तयार झाले होते. परदेशी, घटस्फोटित, अंगप्रदर्शनातून प्रसिद्ध झालेली, जर्मन पैसे घेतल्याचे कबूल करणारी स्त्री यासाठी अगदी योग्य होती. तिच्यामुळे ५० हजार सैनिक मेले, असा आकडा पसरला. तो कशाच्या आधारे काढला हे कोणी विचारले नाही.

२४ आणि २५ जुलै रोजी लष्करी न्यायालयात बंद दाराआड खटला चालला. सात लष्करी न्यायाधीश, सरकारी वकील आंद्रे मॉर्ने. बचावाच्या बाजूने आलेल्या एका वरिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्याने तिने आपल्याला कधीही लष्करी गोष्टी विचारल्या नाहीत, असे सांगितले. मास्लोव आला नाही. त्याचा जबाब वाचला गेला आणि त्यात या संबंधाला त्याने फारसे महत्त्व दिलेले नव्हते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याचे हे शब्द तिने न्यायालयात ऐकले. न्यायाधीशांनी पाऊण तासाच्या आत निर्णय दिला. आठही प्रश्नांवर दोषी, शिक्षा मृत्युदंड. अपील फेटाळले गेले आणि राष्ट्राध्यक्ष प्वँकारे यांनी दयेचा अर्ज नाकारला.

१५ ऑक्टोबर १९१७ च्या पहाटे तिला झोपेतून उठवण्यात आले. तिने कपडे नीट घातले, टोपी घातली, काही पत्रे लिहून अधिकाऱ्यांकडे दिली. तुरुंगातील नन सिस्टर लेओनीद रडत होत्या, त्यांना तिनेच धीर दिला असे सांगतात. पॅरिसच्या पूर्वेला व्हॅन्सेनच्या मैदानात तिने डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही. बारा सैनिकांनी गोळ्या झाडल्या. अंगावरचा कोट उघडून तिने सैनिकांना संभ्रमात टाकले वगैरे कथा नंतर रचल्या गेल्या.

मग ती हेर होती की नव्हती?

याचे एका शब्दात उत्तर देणे अवघड आहे. जर्मन नोंदींनुसार तिला खरोखर नेमण्यात आले होते, एच २१ हे काल्पनिक नाव नव्हते. त्यामुळे ती पूर्ण निष्पाप होती असे म्हणता येत नाही. पण तिने जर्मनांना उपयोगी पडेल असे काही दिल्याचा पुरावा नाही आणि फ्रेंचांना मोरोक्कोची जी बातमी दिली ती निदान देण्याचा प्रयत्न होता. दोन्हीकडून पैसे उकळू पाहणारी, दोन्हीकडच्या खेळाचे नियम न कळलेली हौशी बाई, हे वर्णन वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. सरकारी वकील मॉर्ने यांनीही पुढे अनेक वर्षांनी पुरावा फारच तोकडा होता असे खासगीत मान्य केल्याचे सांगितले जाते. हेच मॉर्ने १९४५ मध्ये मार्शल पेताँ यांच्यावरील खटल्यातही सरकारी वकील होते.

लादू यांचे काय झाले? तिला गोळ्या घातल्यानंतर काही दिवसांतच त्यांच्यावरच शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप आला आणि त्यांना अटक झाली. पुढे ते निर्दोष सुटले आणि १९३० च्या दशकात आठवणी लिहून माता हारीला पकडण्याचे श्रेय त्यांनी घेतले. तोवर ग्रेटा गार्बोचा १९३१ चा चित्रपट जगभर गाजला होता आणि खऱ्या बाईपेक्षा पडद्यावरची बाई लोकांच्या लक्षात राहू लागली होती.

२००१ मध्ये तिचे जन्मगाव लेवार्डन आणि तिच्या नावाच्या संस्थेने खटला पुन्हा उघडण्याची मागणी फ्रान्सकडे केली. ती मान्य झाली नाही. मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर २०१७ मध्ये फ्रेंच लष्कराच्या फायली सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्याच वर्षी लेवार्डनच्या संग्रहालयात तिच्यावर मोठे प्रदर्शन भरले. त्यात नृत्याच्या पोशाखांइतकीच जागा तिच्या घरगुती पत्रांना होती.

तिचा मृतदेह कोणीही मागितला नाही. तो वैद्यकीय महाविद्यालयाकडे विच्छेदनासाठी गेला. तिचे शिर पॅरिसच्या शरीररचना संग्रहालयात जपून ठेवले होते. २००० मध्ये ते तेथे नसल्याचे लक्षात आले. ते कधी नाहीसे झाले हे सांगता आले नाही. तिची मुलगी नॉन आईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, एकविसाव्या वर्षी वारली. व्हॅन्सेनच्या पहाटे लिहिलेल्या पत्रांपैकी एक या मुलीसाठी होते. ते तिला कधीच मिळाले नाही असे सांगतात.